गुडघ्यातलं तेल संपलं नव्हतं

डॉक्टरांनी सिरिंज उजेडाकडे धरली आणि मला विचारलं, "काकाजी, तुम्ही म्हणता तेल संपलं. मग हे काय आहे?"

सिरिंज चांगली मोठी होती, आणि शकूच्या उजव्या गुडघ्यातून काढलेल्या पिवळसर पाण्याने ती पूर्ण भरली होती. शकू म्हणजे माझी बायको शकुंतला. शहरातल्या धंतोली भागातल्या दवाखान्यात ती टेबलावर पाय लांब करून पडली होती. डोळे गच्च मिटलेले, पण कान उघडे. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं मेकॅनिक होतो. तेल संपणं आणि तेल साचणं यातला फरक मला कळत नाही, असं आजवर मला कुणी म्हटलं नव्हतं. 

"हा ऑस्टिओआर्थ्रायटिस आहे," डॉक्टर म्हणाले. ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणजे सांध्याची झीज, एवढं आपण सगळेच ऐकून असतो. हाडांच्या टोकांवर कार्टिलेज नावाचं गुळगुळीत आवरण असतं, मराठीत कूर्चा. ते पातळ होत जातं आणि हाड हाडाला लागू पाहतं. एक्स-रेमध्ये ते दिसत होतं. गुडघ्याच्या आतल्या बाजूची फट पार बारीक झाली होती. "पण झीज ही अर्धीच गोष्ट आहे," डॉक्टर म्हणाले. "उरलेली अर्धी या पाण्यात आहे."

ती उरलेली अर्धी गोष्ट मला आधी कळली असती, तर आमची दोन वर्षं वाचली असती. म्हणून हे लिहितो आहे. तुमच्या घरात कुणी जिना उतरताना भिंत धरू लागलं असेल, तर माझ्यासारखी मेकॅनिकी करायला जाऊ नका.

शकूचं दुखणं सुरू झालं तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. सकाळी उठली की पहिली दहा-बारा पावलं ती पाय ओढत टाकायची, मग चाल सुटायची. आमचं घर त्याच शहरात, मानेवाड्यात, पहिल्या मजल्यावर. एकदा जिना उतरता उतरता ती थांबली आणि माझा हात धरून तिने स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला. गुडघा वाकला की आत करकर व्हायचं. मी तिथेच, जिन्यावर उभ्या उभ्या निदान करून टाकलं: बेअरिंग कोरडं पडलं. कोरड्या बेअरिंगचं काय करायचं हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. गाडी उभी ठेवायची आणि ग्रीस भरायचं.

आधी गाडी उभी ठेवली. मी नुकताच रिटायर झालो होतो. रिकामा होतो, आणि खरं सांगायचं तर तिचं काही करावं अशी मनापासून हौस होती. बत्तीस वर्षांच्या संसारात तिने एक दिवस माझा डबा चुकवला नाही. आता माझी पाळी, असं मी ठरवलं. भाजी आणायला मी जाऊ लागलो. गच्चीवर कपडे मी वाळत घालू लागलो. ती घरी ब्लाऊज शिवते. पायडल मारून गुडघा दुखेल म्हणून मी तिच्या शिलाई मशीनला मोटर बसवली आणि दोन दिवस आल्यागेल्याला ती मोटर दाखवली. ती जागची हलली रे हलली की मी म्हणायचो, "बस वं! काहून उठून राहिली? काय पायजे ते मले सांग."

मग ग्रीस. ग्रीस म्हणजे डिंकाचे लाडू. हे काही माझं एकट्याचं डोकं नव्हतं. आपल्याकडे गुडघा दुखतो म्हटलं की शेजारीण, भाजीवाली, व्याही-विहीण, सगळे एका सुरात सांगतात, सांध्यातलं वंगण संपलं, तूप खा, डिंक खा. मी तुपात डिंक फुलवायला शिकलो. खारीक, खोबरं, मेथी, गूळ, सगळं हाताने कुटलं. सकाळी दोन लाडू, संध्याकाळी एक, वर भातावर तुपाची धार. शकू मुकाट्याने खायची. दोन वर्षांत तिचं वजन एकोणसत्तरवरून त्र्याऐंशी किलोवर गेलं. मला ते दिसत नव्हतं असं नाही. मला वाटायचं, अंग धरून राहिली, चांगलं आहे. अति तेथे माती हे लहानपणापासून ऐकलं होतं, पण ते मायेलाही लागू पडतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता फाट्यावरची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

शकूचं माहेर नरखेड तालुक्यात. भावाची संत्र्याची बाग आहे आणि आई त्याच्याजवळ राहते. एसटी रस्त्यावरच्या फाट्यावर थांबते, तिथून घर बागेच्या कडेकडेने पाऊण किलोमीटर. लग्न झाल्यापासून शकू माहेरी जाते ती एसटीनेच, आणि तिची माय दर वेळी फाट्यावरच्या कडुलिंबाखाली येऊन उभी असते. लेक उतरली की माय तिच्या तोंडावरून हात फिरवते. मग दोघी बोलत बोलत बागेतून पुढे आणि मी पिशव्या घेऊन मागे. इतक्या वर्षांत यात बदल झाला नाही. पिशव्या तेवढ्या जड होत गेल्या.

त्या वर्षी दिवाळीनंतर, संत्र्याची तोडणी चालू असताना आम्ही गेलो. फाटा आला. शकू दारापर्यंत गेली, खाली पाहिलं आणि थांबली. बसची शेवटची पायरी जमिनीपासून चांगलीच उंच असते. तिचा पाय पुढे पडेना. मागे माणसं खोळंबली. शेवटी कंडक्टर आणि दोन प्रवाशांनी तिला काखेत हात घालून उचललं आणि पोतं उतरवावं तसं खाली ठेवलं. माणसं चांगली होती, कुणी हसलं नाही. पण सासूबाई समोर उभ्या होत्या. शहाऐंशी वर्षांची बाई काठी टेकून स्वतःच्या पायावर उभी, आणि तिच्या चोपन्न वर्षांच्या लेकीला तिघं जण उतरवत होते. त्यांनी तोंडाला पदर लावला.

परत येताना मेहुण्याने कुणाची तरी कार करून दिली. काटोल आलं. शकू काचेबाहेर बघत म्हणाली, "आता मी त्या फाट्यावर माह्या पायानं उतरीन, तवाच मायकडे जाईन."

"अवं, कारनं जात जाऊ न आपण."

"कार घरापुढं जाऊन उभी राह्यते. माय फाट्यावर उभी राह्यते."

 सासूबाईंचं वय आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. हातात किती दिवस आहेत हे दोघांच्याही मनात होतं. मी घरी आलो आणि सकाळच्या लाडवांत एक वाढवला.

महिन्याभरात उजवा गुडघा असा सुजला की वाटीच दिसेनाशी झाली. तेव्हा कुठे मी धंतोलीचा रस्ता धरला.

धंतोलीच्या त्या दवाखान्यांच्या गल्लीत गेलं की वाटतं, सगळ्या विदर्भाचे गुडघे इथे जमले आहेत. बाकड्यावर शेजारी यवतमाळची एक बाई, पलीकडे वरुडचे एक गुरुजी, समोर बालाघाटहून आलेले एक काका हिंदीत सगळ्यांना मालिशचं तेल सुचवत होते. मीही त्यांना डिंकाच्या लाडवांची कृती सांगितली. आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

पहिल्या दिवशी उभं राहून एक्स-रे काढला. झोपून काढलेल्या एक्स-रेत सांध्यावर वजन नसतं, त्यामुळे फट खोटी मोठी दिसू शकते. तुमच्यावर वेळ आली तर विचारून घ्या. मग रक्त दिलं. साखर, युरिक ॲसिड आणि आरए फॅक्टर. आरए फॅक्टर ही आमवाताची, म्हणजे वेगळ्या जातीच्या संधिवाताची तपासणी. आणि ते पाणी काढलं. पाणी काढण्याला ॲस्पिरेशन म्हणतात. आधी जागा बधिर करतात. शकू म्हणाली, सुई टोचली तेवढंच, मग उलट हलकं वाटलं.

डॉक्टरांनी सुईच्या टोकावरून एक थेंब खाली पडू दिला आणि मला जवळ बोलावलं. चांगल्या गुडघ्यातलं पाणी एकतारी पाकासारखं ताणलं जातं. शकूच्या गुडघ्यातली तार लगेच तुटत होती. "तेल आहे, भरपूर आहे," ते म्हणाले. "पण पातळ झालंय. आणि ते का झालंय, हे रिपोर्ट आले की बोलू."

दोन दिवसांनी रिपोर्ट आले. पाण्यात जंतू नव्हते, युरिक ॲसिडचे खडेही नव्हते. आरए फॅक्टर नव्हता. साखर काठावर होती. मला हायसं वाटलं. मी म्हणालो, "म्हणजे वजनाचं ओझं, एवढंच न डॉक्टर? लोड जास्त झाला की टायर घासतो."

डॉक्टरांनी शकूचा हात हातात घेतला आणि बोटांच्या टोकाजवळच्या गाठी मला दाखवल्या. त्या गाठी गेल्या वर्षापासून होत्या. शिवणकामाने झाल्या असतील असं आम्ही धरून चाललो होतो. "काकाजी," ते म्हणाले, "काकू हातावर चालतात का?"

शकू हसली. त्या दवाखान्यात ती पहिल्यांदाच हसली.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला एका बैठकीत कळलं नाही. दोन-तीन वेळा विचारून माझ्या भाषेत उतरवलं, ते असं. शकूच्या बोटांच्या गाठींत तिचं वय होतं, घराणं होतं, शिवणकामही असेल. पण वजन जास्त असलेल्यांचे हातही जास्त दुखतात असं दिसून येतं, आणि हातावर तर ओझं नसतं. म्हणजे चरबी नुसती ओझं म्हणून अंगावर बसत नाही, ती काम करत असते. तिच्यातून रसायनं निघतात आणि रक्तातून सगळीकडे फिरतात. त्यातल्या काहींना सायटोकाईन म्हणतात, म्हणजे पेशींनी पेशींना धाडलेले निरोप. चरबी फार वाढली की तिच्यात मॅक्रोफेज नावाच्या पेशी गर्दी करतात. मॅक्रोफेज या आपल्या रोगप्रतिकारक पेशी. जंतू खायचे, मेलेल्या पेशी उचलायच्या, जखम भरायला मदत करायची, हे त्यांचं काम. मुळात त्या आपल्याच माणसांतल्या. पण सतत तणातणीचे निरोप येत राहिले की त्या दुरुस्ती सोडून भांडायलाच उठतात.

तसंच गुडघ्यात होतं. सांध्याच्या आतून एक नाजूक अस्तर असतं, त्याला सायनोव्हियम म्हणतात. सांध्याचं पाणी तेच बनवतं. त्या अस्तरातही मॅक्रोफेज असतात, आणि गुडघ्याच्या वाटीखाली चरबीची एक छोटी गादी असते, तिच्यातही. झिजलेल्या कार्टिलेजचा कचरा आणि बाहेरून येणारे निरोप, दोन्हींनी त्या चेकाळतात. अस्तर सुजतं, पाणी वाढतं आणि पातळ होतं, आणि कार्टिलेज आणखी झिजतं. मग आणखी कचरा. चाक फिरत राहतं.

"यावर थेट औषध आहे का?" मी विचारलं.

"या पेशींना समजावणारं औषध अजून आमच्या हातात नाही," ते म्हणाले. "संशोधन चालू आहे, बरंच अजून उलगडायचं आहे. पण वजन उतरलं आणि शरीर हलतं राहिलं की हे निरोप कमी होतात. कूर्चा परत उगवून देतो असं मी सांगणार नाही. दुखणं आणि सूज कमी करता येईल. ऑपरेशन आजच नको. काकू अजून लहान आहेत, कृत्रिम सांध्यालाही त्याचं आयुष्य असतं." त्यांनी सूज उतरायला गुडघ्यात एक इंजेक्शन दिलं आणि बजावलं, "हा इलाज नाही. व्यायाम सुरू करता यावा म्हणून मिळालेली मुदत आहे. मुदत वाया घालवू नका."

आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, अशी म्हण आहे. मी दोन वर्षं तेच केलं होतं. आणि पखाल म्हणजे माझी बायको होती.

घरी आलो. स्वयंपाकघरात लाडवांचा डबा समोरच होता. मी तो उचलला, परत ठेवला, परत उचलला. शेवटी म्हणालो, "शकू, हे मी केलं. मीच तुले उठू दिलं नाही, आणि मीच हे खाऊ घातलं."

"लाडू मी खाल्ले न," ती म्हणाली. "तुमी काही तोंडात कोंबले नाही."

"मंग तू नाही काहून नाही म्हटलं?"

तिने डबा माझ्या हातातून घेतला. "तुमी सकाळपासून त्या कढईजवळ उभे राहत होते. बनेन घामानं भिजून जाये. माह्यासाठी आजलोक कोनी कढई ठेवली नव्हती. माह्यानं नाही म्हनवलं नाही."

मला रडू आलं. लपवायचं कारण नाही, आलं. गुडघा तिचा दुखत होता आणि ती माझे डोळे पुसत होती. त्या दिवशी मी तो डबा जुन्या वर्कशॉपमधल्या मित्रांना नेऊन दिला. त्यांनी दुसऱ्या दिवशी आणखी मागितले.

फिजिओथेरपीचा दवाखाना त्याच गल्लीत होता. फिजिओथेरपी म्हणजे व्यायामाने उपचार. तिथली मॅडम आमच्या मुलीच्या वयाची, अकोल्याची. तिने शकूला पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, तुम्हाला काय करता यायला हवं?" दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मी विचारायचो, दुखतं का?

"मले बसमधून उतरता आलं पायजे," शकू म्हणाली.

"पायरी किती उंच असते?"

इथे माझी मान वर झाली. म्हटलं, उद्या मोजून आणतो. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन बसस्टँडवर गेलो आणि उभ्या गाड्यांच्या पायऱ्या मोजल्या. एक कंडक्टर म्हणाला, "काकाजी, काय गाडीच्या बॉडी बिल्डिंगचं काम घेतलं का?" दोन वितींना दोन बोटं कमी, अशी उंची भरली. गाडी कुठे उभी राहते त्यावर बोटभर इकडेतिकडे.

घरी प्लायवूडचे तुकडे पडले होते. त्यांच्या मी सारख्या मापाच्या फळ्या कापल्या, एकीवर एक बसतील अशा, आणि बाजूला पाईपची दांडी लावली, बसच्या दारात असते तशी. सुरुवातीला दोनच फळ्या. जमल्या की तिसरी. आठ झाल्या की बसची पायरी. मॅडमने ती पायरी फोटोत पाहिली आणि तिच्या दुसऱ्या पेशंटना दाखवायला तो फोटो मागून घेतला. इतक्या दिवसांनी माझी मेकॅनिकी कुणाच्या तरी कामाला आली होती.

व्यायाम साधे होते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचं. पाय सरळ उचलून धरायचा. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायचं, बसायचं. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याचा भार तो उचलतो. मॅडमने आणखी एक सांगितलं ते ऐकून मी खुर्चीतच आक्रसलो. कार्टिलेजमध्ये रक्तवाहिन्या नसतात. सांधा दाबला जातो आणि सुटतो, तेव्हा आजूबाजूच्या पाण्यातून त्याला खुराक मिळतो. हालचाल थांबली की खुराक थांबला. म्हणजे मी गाडी उभी ठेवून तिचं जेवण बंद केलं होतं, आणि वरून लाडू भरवत होतो.

त्या संध्याकाळी शकूने मशीनसमोर बसून मला हाक मारली. "अहो, पाना आणा." मी तिच्या मशीनची मोटर काढली. तिने पायडलवर पाय ठेवला आणि हळूहळू मारायला लागली. तो खटखट आवाज घरात दोन वर्षांनी आला.

दुखत होतंच. पण किती दुखणं चालतं याचा एक साधा नियम मॅडमने दिला होता, तो तुमच्यासाठी लिहून ठेवतो. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सूज आली किंवा दुखणं वाढलं तर व्यायाम बंद नाही करायचा, कमी करायचा.

जेवणाचं म्हणाल तर उपासमार केली नाही. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, भाज्या, ताक. तूप चमच्याने, धारेने नाही. फोडणीला तेल ओतायची माझ्या हाताला सवय लागलेली, तो आखडता घ्यायला मला महिना लागला. शकू म्हणायची, "व्यायाम मले सांगतला अन् पथ्य तुमाले." ती रोज गल्लीच्या टोकापर्यंत चालायची, मग टोकाच्या पुढे, मग भाजी बाजारापर्यंत. भाजी परत तीच आणायला लागली. माझ्या दोन वर्षांच्या भाजीला तिने एवढी नावं ठेवली, तेव्हा कळलं की तिने किती दम धरला होता.

होळीच्या आसपास मेहुण्याचा फोन आला. सासूबाईंना ताप होता, जेवण तुटलं होतं. तेव्हा आमची पायरी चार फळ्यांवर होती, निम्मी. शकू पांढरी पडली. म्हणाली, "कार सांगा. राहू द्या तो फाटा." मी कारवाल्याचा नंबर शोधायला लागलो. तेवढ्यात पलीकडे सासूबाईंनी फोन मागून घेतला. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"शकू, तू व्यायाम करून राहिली म्हने."

"हो माय. पन मी येतो आज."

"काही येऊ नको. तुह्या पायानं येजो. मी फाट्यावर उभी राहीन. तवलोक मी काही मरत नाही, जाय."

शकूने फोन खाली ठेवला. मग उठली आणि पायरीशी गेली. आठ दिवस आम्ही सकाळ-संध्याकाळ फोन करत होतो. कारवालाही सांगून ठेवला होता, तिला न कळता. नवव्या दिवशी मेहुणा म्हणाला, मायनं भाकर मागितली.

सगळं चढत्या भाजणीने झालं असं समजू नका. मे महिन्यात एका लग्नात शकू दिवसभर उभी राहिली आणि गुडघा पुन्हा टम्म झाला. आठवडाभर बर्फाचा शेक आणि आराम. नंतर पायरीवर पाय ठेवला तर पाचवी फळी चढेना. ती पायरीवरच बसली आणि रडली. "आता नाही व्हत माह्यानं," म्हणाली.  मी वरच्या दोन फळ्या काढल्या आणि तिच्या शेजारी बसलो. बसच्या पायरीवर दोघांना पुरेशी जागा असते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "सरका, चढू द्या."

पावसाळा गेला. सातवी फळी लागली, मग आठवी. दिवाळीपर्यंत वजन चौऱ्याहत्तरवर आलं. डॉक्टरांनी तपासलं, सूज नव्हती. एक्स-रे होता तसाच होता, फट काही रुंदावली नव्हती. "फोटो तोच, माणूस वेगळा," ते म्हणाले. दुखणं गेलं का, असं तुम्ही विचाराल. नाही. थंडीत सकाळी गुडघा आठवण करून देतो. पुढेमागे ऑपरेशन लागेलही, तेव्हा ते करू. पण आता आम्ही त्या गुडघ्याला घासलेला भाग म्हणत नाही. तो जिवंत आहे, आपल्यावर रुसतो, आणि समजूत काढली की ऐकतोही. डॉक्टरांचे आणि त्या अकोल्याच्या पोरीचे उपकार आहेत. त्यांनी मला मूर्ख न म्हणता माझा मूर्खपणा दाखवून दिला.

दिवाळीनंतर संत्र्याची तोडणी सुरू झाली, तेव्हा आम्ही एसटीत बसलो. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे शकू सगळ्या रस्त्याने पुटपुटत होती. काटोल गेलं. फाट्याच्या एक किलोमीटर आधीच ती उठून दारापाशी उभी राहिली.  ब्रेक लागला. कंडक्टरने दार उघडलं. मी तिच्या मागून वाकून तिला धरायला हात पुढे केला.

तिने माझा हात पाहिला आणि दांडी धरली. उजवा पाय खाली गेला, जमिनीला टेकला. क्षणभर ती तशीच राहिली. मग डावा पाय आला. ती फाट्यावर उभी होती.

"काकाजी," कंडक्टर म्हणाला, "तुमी उतरता का आता?"

मी हात पुढे करून तसाच पायरीवर वाकलेला होतो. पिशव्या घेऊन खाली उतरलो.

कडुलिंबाखाली सासूबाई होत्या. वर्षभरात वाळून काटकी झालेल्या, काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या. त्यांनी लेकीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग तोंडावरून हात फिरवला, गालावर थांबवला. रडतील असं वाटलं होतं. रडल्या नाहीत. गाल चाचपून माझ्याकडे वळल्या आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "जावईबापू, कशी वाळून गेली माह्यी पोरगी! तिले पोटभर जेवाले घालत नाही का तुमी?"

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि हात जोडले. "चुकलं माझं, सासूबाई," म्हणालो, आणि ते अगदी मनापासून म्हणालो.

शकूला हसू आवरेना, झाडाचा आधार घ्यावा लागला. सासूबाईंनी कनवटीची पुरचुंडी सोडली. आत डिंकाचा एक लाडू होता, लेकीसाठी आणलेला. शकूने त्याचे तीन तुकडे केले. एक मायच्या हातावर ठेवला, एक माझ्या, आणि उरलेला तोंडात टाकून ती मायचा हात धरून बागेच्या रस्त्याने चालायला लागली. मी पिशव्या उचलल्या.